बिनडोळ्यांचा गणपती

आम्ही वाशीत राहायला आलो तेव्हा खाडीवरचा पूल झाला होता, पण पुलावरून इकडे येणारा माणूस अजून ‘आपण चुकून तर उतरलो नाही ना’ अशाच चेहऱ्याने बसमधून उतरायचा. रेल्वे येणार होती. बाजार येणार होता, बाग येणार होती, नाट्यगृह येणार होतं. ‘येणार’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. आणि नशीब बघा, तोच शब्द रोज खडूने पाटीवर लिहायचं काम पुढे माझ्याच गळ्यात पडलं.

झालं असं की सेक्टरातल्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक हॉल रिकामा पडला होता. चित्रांचं खूळ असलेल्या आम्ही चार-पाच जणांनी नवं शहर बांधणाऱ्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवून तो मागून घेतला आणि बाहेर फळी लावली, ‘कलासंग्रहालय’. नाव मोठं, लक्षण खोटं. आत होतं काय, तर काचेची चार कपाटं, कुणाच्या आजोळचे पितळी दिवे, वाशीगावातून आणलेलं एक जुनं वल्हं आणि भिंतीवर आमचीच चित्रं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायची, म्हणून कार्यक्रम ठरवायचे मी. बसस्टॉपजवळ एक काळी पाटी उभी केली होती. वर ‘आगामी कार्यक्रम’ आणि खाली जलरंगातली निसर्गचित्रं, मुलांची स्पर्धा, लेण्यांच्या स्लाइड्स, असं काहीबाही. लोक त्या पाटीला टेकून बसची वाट बघायचे. सकाळी लिहिलेली माझी अक्षरं संध्याकाळी कुणाच्या तरी शर्टाच्या पाठीवर बसून मुंबईहून परत यायची.

आता हे संग्रहालय मला एवढं कशाला हवं होतं, ते सांगते. कलेची सेवा वगैरे भानगड नाही. मला एक मूर्ती ठेवायला जागा हवी होती.

माझे बाबा पेणचे मूर्तिकार. आमच्याकडे गणपती घडवतात त्या जागेला कारखानाच म्हणतात. आमच्या कारखान्यात मातीला हात लावायची मुभा सगळ्यांना, रंगकामात आईचा हात सगळ्यांत पुढे, पीतांबर आणि दागिने तिचेच. पण डोळ्यांची आखणी फक्त बाबांची. सगळे गणपती रंगून ओळीने बसले की बाबा आंघोळ करून, न बोलता, बारीक ब्रशने एकेकाचे डोळे लिहीत जायचे. तोपर्यंत ती नुसती माती. लहानपणी आम्ही त्यांना टोप्या घालायचो, त्यांच्या मांडीवर शेंगा ठेवून खायचो, कुणी ओरडायचं नाही. डोळे लिहिले की मात्र आईच्या डोक्यावर पदर यायचा.

बाबा गेले तेव्हा त्यांनी एक नवा नमुना शाडूत घडवून पूर्ण केला होता. त्यावरून साचा काढायचा होता. अंगावर रंग नाही, डोळ्यांची जागा कोरी. काका म्हणाला, साचा मी काढतो. साचा काढताना नमुना मोडतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, हात लावायचा नाही. कारण त्या मूर्तीच्या बैठकीच्या मागच्या बाजूला बाबांचा अंगठा उमटला होता. ओली माती दाबताना राहून गेलेला, रेघांसकट. मी त्यात माझा अंगठा ठेवून बघायची. बाबांच्या मागे राहिलेलं त्यांचं अंग म्हणावं असं एवढंच होतं माझ्याकडे.

मूर्ती आणि आई, दोघींना मी वाशीला घेऊन आले. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. बिल्डिंग भराव टाकलेल्या जमिनीवर उभी, भिंतींना मीठ फुटायचं. पहिल्याच पावसाळ्यात गणपतीच्या डाव्या कानाला तडा गेला. नवरा माझा गरीब स्वभावाचा, पण तोही एकदा पलंगाच्या कडेला गुडघा आपटून म्हणाला, "एक तर हा राहील इथे, नाहीतर आपण." आई त्या मूर्तीवर जुनं लुगडं टाकून ठेवायची. दिवा मात्र कधी लावला नाही. "डोळे नाहीत तोवर काय दिवा," म्हणायची. मला ते बरंच वाटायचं. देव झाला असता तर पूजा आली, पूजा आली की बुडवणं आलं. बिनडोळ्यांचा होता म्हणून तो माझा होता.

संग्रहालयाच्या कोरड्या हॉलमध्ये, काचेच्या कपाटात तो बसला तेव्हा कुठे मला शांत झोप लागली. पण ते सुख टिकलं नाही. ऑफिसातून एक साहेब आले, हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाले, "बाई, पंखे आहेत, ट्यूबलाइट आहेत, माणसं कुठायत? कांदा-बटाट्याचे व्यापारी गोदामासाठी जागा मागतायत. मोठे साहेब पुढच्या महिन्यात बघायला येतील. गर्दी दिसली तर ठीक, नाहीतर चाव्या परत करा." तारीखही त्यांनीच सांगून टाकली.

गणपती त्या ओल्या खोलीत पुन्हा नेला तर आणखी दोन पावसाळे काही काढत नव्हता तो. कानाचा तडा खांद्यापर्यंत आला असता. पेणला काकाकडे पाठवावा तर तो साचा काढल्याशिवाय राहिला नसता. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना. शाळेत मुलांवर उगाच खेकसायची, घरी नवऱ्यावर. भात करपला तरी संग्रहालय, दूध उतू गेलं तरी संग्रहालय.

घरोघर फिरले. जिने चढून चढून पायांचे तुकडे पडले. एकीने दार उघडून विचारलं, "लकी ड्रॉ आहे का?" एक म्हणाली, "अहो, पाणी सकाळी अर्धा तास येतं, घासलेटला रांग, मिस्टर साडेआठला घरी. तुमची चित्रं बघायला मी कधी येऊ, झोपेत?" तिचं काय चुकलं? सगळी माणसं कुठून कुठून उचलून आणून ठेवलेली, कुणी गिरगावातलं, कुणी कोकणातलं, कुणी देशावरचं, शेजारच्याचं आडनाव माहीत नाही. त्यांना चित्रं बघायला बोलावणारी मी कोण टिकोजीराव?

शेवटी आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तोड काढली. त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "संक्रांत झालीय. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. तुमच्या त्या हॉलमध्ये घाला. वाण लुटायला बायका पुलापलीकडूनही येतील. आल्या की बघतील तुमचं काय ते." मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. प्रदर्शन आणि हळदीकुंकू एकाच दिवशी. साहेबांना गर्दी, बायकांना वाण, मला गणपती.

आमच्यातले एक चित्रकार होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. मराठवाड्यातले, मंत्रालयात क्लार्क. घरात बुद्धाची तसबीर, आणि जलरंगात असा हात की बघत राहावं. हॉलमधली निम्मी चित्रं त्यांचीच. त्यांनी मोठमोठ्या अक्षरांत पोस्टरं रंगवून दिली. मी पाटीवर लिहिलं, ‘मूर्तिकला प्रदर्शन व सार्वजनिक हळदीकुंकू, सर्व भगिनींना आग्रहाचे निमंत्रण’. पहिल्यांदाच लोक पाटीला न टेकता ती वाचायला उभे राहिले.

घरी आईला सांगितलं. ती तीळ निवडत होती. तिने विचारलं, "तारीख कुठली म्हणालीस?" मी सांगितली. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पुन्हा तीळ निवडायला लागली. मी स्वतः कॅलेंडर बघायला हवं होतं म्हणाल, तर माझ्या डोक्यात त्या दिवशी फक्त साहेब होते.

तो दिवस माघी चतुर्थीचा निघाला. गणेशजयंती. पेणच्या मूर्तिकाराची मुलगी, आणि मला ते दुपारी दोन वाजता कळलं, एक बाई दूर्वांची जुडी घेऊन जिना चढताना दिसली तेव्हा. मी विचारलं, "दूर्वा कशाला हो?" ती म्हणाली, "आज चतुर्थी ना. गणपती बसवलाय म्हणे तुम्ही." मी तिला समजावलं, बसवलेला नाही, ठेवलेला आहे. तिने मान हलवली आणि वर गेली. तिच्या मागून आणखी चार चढल्या. तेवढ्यात खालून निरोप आला की मोठ्या साहेबांची जीप चुकून पलीकडच्या सेक्टरात गेली आहे. आमच्याकडे सगळ्या बिल्डिंगा एकसारख्या, माणसं स्वतःची बिल्डिंग चुकायची, तर साहेबांचं काय. मी आईला म्हटलं, "कपाटापाशी बस. कुणाला हात लावू देऊ नकोस." आणि नाक्यावर धावले.

साहेबांना घेऊन परतले तर जिन्यात चपला. पायरी दिसत नव्हती इतक्या चपला. मला रडू कोसळायचं बाकी होतं, आनंदाने. साहेब म्हणाले, "वा, बाई." मग वरून कापराचा वास आला, आणि टाळ्या, आणि आरती.

कपाटाची काच सरकवलेली होती. गणपती बाहेर, टेबलावर, पाटावर. गळ्यात हार, पुढे तिळाचे लाडू, पायाशी हळदीकुंकवाचा सडा. आमच्या सेक्टरातले एक निवृत्त पोस्टमास्तर सोवळं नेसून, हातात पोथी घेऊन उभे. त्यांच्या शेजारी आई, डोक्यावर पदर. आणि गणपती माझ्याकडे बघत होता. त्याला डोळे होते. कोऱ्या करड्या मातीवर फक्त दोन काळेभोर डोळे, बाकी अंगावर रंगाचा थेंब नाही. मुलांच्या स्पर्धेच्या डब्यातला ब्रश अजून आईच्या हातात होता.

साहेबांनी बूट काढले, हात जोडले, तिळगूळ घेतला. इतक्या बायका, इतकी पोरं, भिंतीवरची चित्रंसुद्धा लोक बघत होते, भाऊंच्या एका चित्रापुढे तर रांग होती. साहेब निघताना म्हणाले, "हॉल तुमचाच, बाई. गोदामाचं आम्ही बघून घेऊ." ज्या एका वाक्यासाठी मी महिनाभर जिवाचं रान केलं, ते कानावर पडलं आणि मला काहीच वाटलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी पोस्टमास्तरांना गाठलं. "ही पूजेची मूर्ती नाही. नमुना आहे. संग्रहालयाची वस्तू आहे."

"होती," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "आता प्राणप्रतिष्ठा झाली. दीड दिवसाचा म्हणून संकल्प केलाय. उद्या उत्तरपूजा, मग विसर्जन. मातीची मूर्ती आहे, ठेवता येत नाही."

"तुम्ही मला न विचारता कसं केलंत?"

"घरची मोठी बाई समोर होती. तिने डोळे लिहिले. आणखी कुणाला विचारायचं होतं?"

मी हात जोडले, भांडले, वाट्टेल ते बोलले. म्हटलं, दंड लावा, प्रायश्चित्त सांगा, उपास करते, पण मूर्ती राहू द्या. ते म्हणाले, राहू दे की. पण मग नुसती काचेत नाही ठेवायची. रोज पूजा, नैवेद्य, दोन वेळा आरती. हॉलमध्येच होऊ दे. दारात उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे उजळले. सेक्टरात तोवर एकही देऊळ नव्हतं. एकीने तिथल्या तिथे आरत्यांचे वार वाटून टाकायला सुरुवात केली.

मला ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. देऊळ तर देऊळ, बाबांचा अंगठा तरी कोरडा राहील. तेवढ्यात भाऊ आपल्या चित्रांपाशी उभे होते तिथून म्हणाले, "ताई, तुमच्या वडिलांचं काम आहे, तुम्ही म्हणाल ते. फक्त देऊळच होणार असेल तर माझी चित्रं मी काढून नेतो. राग नाही. पण मला इथे यायला देवाची परवानगी लागू नये, एवढंच वाटतं." ते सावकाश बोलले, कुणाकडे न बघता. हॉल आम्ही मागितला होता तो सगळ्यांसाठी. त्यांच्याकडे बघून हो म्हणायची माझी जीभ उचलेना. आणि नाही म्हणावं तर बाबा बुडणार.

मी आईला घरी घेऊन आले. दार लावलं आणि जे बोलू नये ते बोलले. "तुला माहीत होतं. डोळे लिहिले की तो जाणार, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तू बाबांना बुडवलंस."

आई म्हणाली, "त्या बाया हळदीकुंकू लावत होत्या. आंधळ्याला. एकीने विचारलं, ह्याचे डोळे का नाहीत हो? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. काय सांगू? जन्मभर त्यांचे पीतांबर रंगवले मी. डोळ्यांपाशी गेले की तुझे बाबा ब्रश काढून घ्यायचे हातातून. ते गेल्यापासून तो तसाच. लुगड्याखाली. मला बघवायचं नाही. मला वाटलं, एकदा तरी त्याने बघावं."

"आणि मी?"

"तू अंगठा बघायचीस," आई म्हणाली. "चेहरा कधी बघितलास?"

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिच्या कुशीतही शिरावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसले. नवरा भात वाढून घेऊन जेवला.

सकाळी मी शेवटची धडपड केली. हॉलमध्ये गेले, पाटाखाली हात घालून मूर्ती वळवली, आणि ओल्या शाडूच्या गोळीवर अंगठ्याचा ठसा उतरवून घ्यायला गेले. तेवढ्याने कुणाचं काय बिघडणार होतं? पण माती कोरडी झालेली, पूजेच्या पाण्याने वरून पुन्हा भिजलेली. कुणीतरी भक्तिभावाने मागूनही हळदीकुंकू वाहून, पाणी शिंपडून, पुसून घेतलं होतं. तिथे गुळगुळीत होतं. मी बोट फिरवत राहिले. कुठेच काही लागलं नाही.

मग मीच पोस्टमास्तरांना म्हटलं, "उत्तरपूजा करा." आता कशाला थांबायचं होतं? देऊळ नको, हॉल सगळ्यांचा राहू दे. भाऊंनी पाटाचं एक टोक धरलं, नवऱ्याने दुसरं. बायका, पोरं, झांजा, बिल्डिंगच्या बिल्डिंग लोटली होती. एकमेकांची नावं विचारत होती माणसं. खाडीवर भरतीचं पाणी काठापर्यंत आलेलं. मूर्ती पाण्यात जाताना सगळे ओरडले, पुढच्या वर्षी लवकर या. मी तेवढं म्हटलं नाही. बुडताना शेवटी डोळे दिसले, काळे. बाबांसारखे मुळीच नव्हते. डावा थोडा मोठा होता. पहिल्यांदाच लिहिणाऱ्या हाताचे होते.

रिकाम्या पाटावर खाडीतली मूठभर माती घेऊन परतायचं असतं, तशी आईने घेतली. मी तिच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलेच नाही. घरातून निघाले ती खाडीवर. ओहोटी होती. काल जिथे कंबरभर पाणी होतं तिथे काळा चिखल पसरलेला, त्यात हार आणि केळीचं पान रुतलेलं. मी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि आत उतरले. गुडघ्यापर्यंत गेले. हात घालून चाचपत राहिले. शाडू पांढरट असतो, चिखल काळा, एखादा गोळा तरी दिसेल. कान तरी. सोंडेचा तुकडा. काय वाटत होतं मला, काय सांगू. वेड लागलं होतं.

वाशीगावातली एक म्हातारी निवट्या, ते चिखलातले मासे, पकडायला चिखलात उतरली होती. बराच वेळ माझ्याकडे बघून तिने विचारलं, "बाय, काय शोधतंस गो? सोन्याचा हाय काय?"

"माझ्या बाबांनी केलेला गणपती," मी म्हटलं. "काल बुडवला."

"शाडूचा?"

"हो."

"मंग नाय गावाचा. एका भरतीत जातो." ती म्हणाली, आणि मग मला बरं वाटावं म्हणून, "चांगला हाय तो. तरास नाय देत पान्याला."

मी तरी शोधत राहिले. पाय निघत नव्हते, हात कोपरापर्यंत काळे, ओरडून रडत होते आणि तिथे ऐकायला त्या म्हातारीशिवाय कुणी नव्हतं. ती निघून गेली नाही, पण जवळही आली नाही.

मागे चुबुक चुबुक आवाज झाला. वळून पाहिलं तर आई. घरात मी नाही म्हणून बसस्टॉपपासून विचारत विचारत आली असणार. तिचे गुडघे दुखायचे, आमच्या बिल्डिंगचा जिनासुद्धा ती बसून बसून उतरायची. मला वाटलं, आता म्हणेल, चल घरी, लोक हसतील.

तिने पदर कमरेला खोचला, माझ्या शेजारी वाकली आणि चिखलात हात घालून शोधायला लागली.